मातीत सापडलेला गज

गेलन राइट्झ माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा. टाउनशिपच्या, म्हणजे आमच्या गावपालिकेच्या, रस्ते खात्यात आम्ही एकाच टोळीत होतो. तो ग्रेडर, रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवायचा आणि मी त्याच्या मागून खडीचा ट्रक. केटल हॉलो या आमच्या दरीतल्या कच्च्या रस्त्यांचे उतार त्यानं नुसत्या डोळ्यानं काढलेले होते, आणि पाऊस झाला की पाणी त्यानं सांगितलं तसंच वाहायचं. बोलायचा कमी. पण मातीवरून कुणी काही विचारलं की थांबून मूठभर माती उचलायचा, दाबायचा, वास घ्यायचा आणि मग उत्तर द्यायचा. आम्ही टोळीतले हसायचो. त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

साठाव्या वर्षी तो निवृत्त झाला आणि त्यानं घरामागे नेमबाजीची जागा करायला घेतली. त्याचं घर टेकडीच्या पायथ्याला. परसातून निघालेलं कुरण पन्नास-साठ यार्ड सरळ जातं आणि टेकडीला भिडतं. गेलननं टेकडीचं पोट कापून तिथं मातीचा बांध घातला, चौदा फूट उंच, दोन्ही अंगांना वळलेला, ओंजळीसारखा. बांधाच्या तोंडावरची सगळी माती त्यानं चाळणीतून काढली. अख्खा उन्हाळा तो आणि ती चाळण. मी एकदा विचारलं, "अरे, बाग लावतोयस की बांध घालतोयस?"

"गोळीला मातीत दगड भेटला तर ती कुठं वळेल ते देवाला ठाऊक," तो म्हणाला. "मला ठाऊक असायला पाहिजे."

बंदूक त्याची चकमकीची. आमच्याकडे बहुतेक घरांत अशी एक असतेच, कारण नाताळनंतरच्या दिवसांत कायद्यानं हरणाची शिकार फक्त हिच्यानंच करता येते. पण बाकीच्यांच्या बंदुका डिसेंबरात कपाटातून निघतात आणि जानेवारीत परत कपाटात जातात. गेलनची वर्षभर बाहेर असायची. दोन हिवाळे खपून त्यानं ती स्वतः बांधली होती. दस्ता मेपलच्या लाकडाचा, त्यात वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे. नळी चार फुटांना थोडी कमी.

बांध पुरा होईतो शेजारच्या लोइस विंगर्टनं टाउनशिपच्या बैठकीत तक्रार केली. लोइस शेळ्या पाळते. त्याआधी अठ्ठावीस वर्षं ती इस्पितळात अपघात विभागात परिचारिका होती. बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, "बंदूक चुकून उडते तेव्हा काय होतं, हे तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिलंय? मी पाहिलंय. माझ्या कुंपणापलीकडे मला ते नको." खाली बसली. गेलन तिथंच होता. आम्हाला वाटलं, आता हा उठेल, कायदा सांगेल. तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या फाटकाशी गेला. हे मला त्याच्या बायकोनं, नेओमीनं सांगितलं. तो लोइसला म्हणाला, "तू ये. जिथं गोळी जाते तिथं स्वतः उभी राहा, आणि कशाकशाची भीती वाटते ते एकेक करून सांग. जे मला सुधारता येणार नाही, त्यासाठी मी जागा बंद करीन."

लोइस आली, ती वही-पेन्सिल घेऊन. तासभर दोघं कुरणात हिंडले. बांध आणखी दोन फूट उंच हवा. पायवाटेला साखळी हवी. बार चालू असताना लाल झेंडा वर हवा, आणि तो तिच्या गोठ्यातून दिसायला हवा. रविवारी नाही. नऊच्या आधी नाही. शेळ्या विण्याच्या दिवसांत, मार्चपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, मुळीच नाही. गेलननं सगळं मान्य केलं आणि दोन गोष्टी स्वतःहून घातल्या. एक, बंदुकीची दारू ती ठेवायच्या शिंगातून थेट नळीत कुणी ओतायची नाही, आधी मापात घ्यायची. दुसरी, बार उडाला नाही तर नळी बांधाकडे धरून पुरतं एक मिनिट उभं राहायचं, घड्याळ लावून.

"आणि हे तू पाळतोस की नाही ते कोण बघणार?" लोइसनं विचारलं.

"तू बघ की. तुझं घर तिथंच आहे."

त्यानंतर पंधरा वर्षं ती बघत राहिली. तिला बंदुकीचा आवाज कधीच आवडला नाही, आणि तसं ती दर भेटीत सांगायचीही. पण टाउनशिपच्या बैठकीत परत तिनं तो विषय काढला नाही.

शनिवारी आम्ही चौघं जमायचो. गेलन, मी, धान्याच्या गिरणीचा इर्व्हिन आणि गावातल्या शाळेत गणित शिकवणारी शार्लीन. इर्व्हिनची जीभ सतत चालू. शार्लीन सगळ्यांत धाकटी, तिशी ओलांडलेली, आणि सगळ्यांत हट्टी. पहिल्या वर्षी तिचे बार निशाणाच्या आसपाससुद्धा जात नव्हते. चकमकीच्या बंदुकीचं असं असतं, की चाप ओढला की आधी घोड्यातला गारगोटीचा तुकडा पोलादावर आपटतो, ठिणगी पडते, बाहेरची चिमूटभर रंजक, म्हणजे बारीक दारू, भपकन पेटते, आणि मग ती आग नळीच्या कानातून, म्हणजे बारीक भोकातून, आत जाऊन मुख्य बार उडतो. हे सगळं डोळ्यांपुढे, गालाजवळ. मधला वेळ इतका थोडा की मोजता येत नाही, पण माणूस दचकायला तेवढा पुरतो.

"मिस्टर राइट्झ, मी डोळा मिटत नाही, तो आपोआप मिटतो," शार्लीन म्हणायची.

"मिटू दे. हात हलवू नकोस," गेलन सांगायचा. "चाप ओढलास म्हणजे तुझं काम संपलं असं नाही. गोळी नळीच्या बाहेर पडेपर्यंत तुझीच आहे. तोवर तिला सोडून जायचं नाही."

इर्व्हिन मागून म्हणायचा, "माझी बायको मला पंचेचाळीस वर्षं हेच सांगतेय, फक्त गोळीबद्दल नाही."

बार संपले की नेओमी मक्याचं चिकन सूप आणायची, बरोबर बिटाच्या पाण्यात मुरवलेली लाल अंडी. आम्ही लाकडी बाकावर बसून खायचो आणि निशाणाचे कागद एकमेकांना दाखवायचो. गेलनच्या कागदावर भोकं थोडी दिसायची, कारण एकातून दुसरी गोळी गेलेली असायची.

तो पंच्याहत्तरीला आला, त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याच्या बंदुकीखाली मला नवा गज दिसला. गज म्हणजे बार ठासायची लांब काठी. ठासून झाला की तो बाहेर काढून नळीखालच्या कड्यांत परत सरकवून ठेवायचा असतो. जुना गज हिकरीच्या चिवट लाकडाचा, हाताळून हाताळून मधाच्या रंगाचा झालेला, टोकाला पितळी टोपी आणि तिच्यावर त्याची आद्याक्षरं. नवा पांढराफटक होता.

"जुन्याचं काय झालं?"

"तडा गेला," तो म्हणाला आणि रंजकेची डबी शोधायला लागला.

लाकूड आहे, तडा जाणारच. मी विसरूनही गेलो.

नाताळनंतर आम्ही शिकारीला गेलो. गेलन दरीच्या तोंडाशी एका पडक्या झाडाला टेकून बसला होता, मी वरच्या अंगाला. दुपारी तीन हरिणी त्याच्यापुढून, चाळीस पावलांवरून, रमतगमत गेल्या. मी वरून पाहत होतो. बार झाला नाही. संध्याकाळी उतरताना मी विचारलं, तर म्हणाला, "दिसल्या नाहीत." त्याची नजर घारीची. मला ते पटलं नाही. पण थंडी मी म्हणत होती आणि पाय ओले झाले होते. मी विषय वाढवला नाही.

मार्चमध्ये लोइसच्या शेळ्या विणार म्हणून जागा बंद झाली. त्या सहा आठवड्यांत आम्ही बांधातलं शिसं काढतो. तोंडावरची माती खणायची, चाळायची, गोळ्या वेचायच्या, वितळवून परत ओतायच्या. त्या दिवशी मी एकटाच होतो. इर्व्हिनची गिरणी चालू होती आणि गेलन नेओमीला घेऊन डॉक्टरकडे गेला होता. बांधाच्या उजव्या अंगाला, निशाणापासून सहा-सात फूट बाजूला, जवळजवळ पायथ्याशी, फावडं लाकडाला अडलं. मला वाटलं मूळ असेल. हातानं माती सारली. आत खोल रुतलेली, चिरफळलेली हिकरीची काठी होती. दोन फुटांचा तुकडा. मागच्या टोकाला चेपलेली पितळी टोपी, आणि तिच्यावरची अक्षरं पुसून बघावी लागली नाहीत.

मी तिथंच मातीत बसलो.

ठासणीच्या बंदुकीत माणूस ज्या चुकीला सगळ्यांत जास्त भितो, ती ही. बार ठासायचा आणि गज नळीतच विसरून चाप ओढायचा. मग तो भाल्यासारखा सुटतो. नळी फाटली तर हात जातो, तोंड जातं. गज कुठं जाईल याचा नेम नाही. इथं तो बांधानं झेलला होता. चाळलेल्या मातीनं.

चूक कुणाच्याही हातून होते. माझ्या मनाला ती तेवढी लागली नाही. लागलं ते "तडा गेला" हे दोन शब्द. एकतीस वर्षांत त्या माणसानं खडीच्या एका खेपेबद्दलही खोटं सांगितलेलं मला आठवत नव्हतं.

गजाचा तुकडा मी पोत्यात गुंडाळून ट्रकच्या सीटमागे ठेवला आणि कुणाला काही बोललो नाही. तीन आठवडे. एप्रिलच्या मध्याला जागा उघडली. पहिल्या शनिवारी मी गेलनच्या मागे उभा होतो आणि माझा एकही बार धड गेला नाही, कारण माझं सगळं लक्ष त्याच्या हातांकडे. दारू मापात. माप नळीत. कापडाचा तुकडा, गोळी, गज. गज बाहेर. मी श्वास सोडला. मग माझ्या लक्षात आलं की तोही पुटपुटतोय. प्रत्येक पायरीला एक शब्द, ओठांत. आधी कधी असं करायचा नाही. आणि बाकावर, शिंगाच्या शेजारी, त्यानं खडूनं बारीक रेघा ओढल्या होत्या. गोळी ठासली की एक रेघ, गज जागेवर गेला की तिला आडवी रेघ.

सोमवारी मी त्याच्या कामाच्या खोलीत गेलो आणि पोतं उलगडून गज त्याच्यापुढे ठेवला.

त्यानं पितळी टोपीवरून अंगठा फिरवला.

"कुठं होता?"

"उजवीकडे. खाली."

"मी चार दिवस खणत होतो. डावीकडे," तो म्हणाला. "मला वाटलं डावीकडे गेला." मग म्हणाला, "तुला कधी सापडला?"

"तीन आठवडे झाले."

"आणि बोलला नाहीस."

"तूही बोलला नाहीस."

"हं." त्यानं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस."

मग त्यानं सांगितलं. डिसेंबरातला गुरुवार, दुपार. नेओमी बहिणीकडे गेलेली. शिकारीआधी नेम तपासायला तो एकटाच उभा राहिला. बार झाला, खांद्याला धक्का नेहमीपेक्षा जोरात बसला. दुसरा बार भरायला हात नळीखाली गेला तर जागा रिकामी. तो म्हणाला, "खाली बघितलं. गवतात बघितलं. बाकाखाली बघितलं. डॅरिल, पाच मिनिटं मी गज शोधत होतो. मग कळलं."

"एकदा होतं असं, गेलन. इर्व्हिन तर दर महिन्याला दारू न घालताच गोळी ठासतो."

"इर्व्हिन बडबडत असतो म्हणून विसरतो. मी एकटा होतो. समोर बंदूक होती आणि दुसरं काहीच नव्हतं." त्यानं गज बाजूला ठेवला. "आणि एकदा नाही. ऑक्टोबरात मी बार एकावर एक दोनदा भरला होता. उडवायच्या आधी गज घालून खोली बघितली म्हणून कळलं. गेल्या महिन्यात मिल रोडवर गाडी उभी करून बसलो होतो, कुठं निघालो ते आठवेना. तो रस्ता मी बांधलाय."

मी त्या हरिणींचं विचारलं.

"दिसल्या की," तो म्हणाला. "तिन्ही. चांगल्या दिसल्या. पण माझी मलाच खात्री नव्हती की बंदुकीत काय भरलंय. इथं निदान समोर बांध आहे. जंगलात बांध नसतो."

"नेओमीला माहीत आहे?"

"तिला माझ्याआधीच कळलं होतं. मार्चमध्ये डॉक्टरकडे तीच घेऊन गेली मला. मी तुम्हाला उलटं सांगितलं." तो किंचित हसला. "डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. औषध दिलंय. त्यानं रस्ता सपाट होत नाही, खड्डे जरा उशिरा पडतात, बस."

"मग आता?"

"शनिवारी सगळ्यांना सांगतो. लोइसलाही बोलव. तिला आधी सांगायला हवं होतं."

"लोइसला? ती जागाच बंद करायला लावेल."

"लावू दे. तिला तो हक्क आहे."

त्या शनिवारी झेंडा चढवला नव्हता. आम्ही बाकाशी उभे, लोइस हाताला शेळीच्या दुधाचा वास घेऊन आलेली, आणि नेओमी मागच्या पायरीवर. गेलननं गज बाकावर ठेवला आणि डिसेंबरातलं सगळं सांगितलं. गुरुवार, धक्का, गवतात शोधलं ते. आमच्याशी खोटं बोललो तेही. आवाज नेहमीचाच, मोरीचं पाणी कुठून काढायचं ते सांगतोय असा.

इर्व्हिननं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "अरे, मी माझ्या आयुष्यात इतक्या गोळ्या कोरड्या ठासल्यात की..."

"तुझी गोळी नळीत अडकून राहते, इर्व्हिन. माझा गज उडाला."

इर्व्हिन गप्प झाला. त्याला गप्प झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"आजपासून मी बंदूक भरणार नाही," गेलन म्हणाला. "झेंडाही माझ्याकडे नको. ज्याला झेंडा खाली की वर हे आठवत नाही, त्याच्या हातात तो असू नये. जागा चालवायची की नाही ते तुम्ही ठरवा. लोइस, आधी तू."

लोइसनं गज उचलून बघितला. इस्पितळात पायाचा एक्स-रे बघत असेल तसा. मग बांधाकडे बघितलं.

"किती खोल गेला होता?" तिनं मला विचारलं.

"फूटभर. जास्तच."

"म्हणजे बांधानं काम केलं."

"केलं."

"पाच महिने तू हे पोटात ठेवून हिंडतोयस," ती गेलनला म्हणाली, "आणि वर मला वाटत होतं की तू नुसता थकलायस. मूर्ख माणूस."

"हो."

"हो काय, हो. झेंडा कुणाला देणार? या गिरणीवाल्याला? त्याला घड्याळ कळत नाही."

"तुला द्यायचा विचार आहे," गेलन म्हणाला.

लोइसनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याचं विसरणं आम्हाला वाटलं होतं त्याच्या फार पुढे गेलंय. "मला या आवाजाचा तिटकारा आहे. पंधरा वर्षं सांगतेय."

"म्हणूनच. ज्याला बार काढायची घाई असते, त्याला झेंडा देऊ नये. तुला कधीच घाई होणार नाही."

शार्लीनला हसू आलं, तिनं ते दाबलं. लोइस मनात काहीतरी हिशेब मांडत होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी म्हणाली, "नऊला मला दूध काढायचं असतं. दहा वाजता सुरू करायचं."

"दहा."

"बंदूक तू भरायची नाहीस. डॅरिल भरेल. मी बघीन. तो भरून तुझ्या हातात देईल, एका वेळी एक."

"मी पूर्णच थांबणार होतो, लोइस."

"झेंडा कुणाकडे आहे?"

गेलननं खांबाकडे बघितलं. "तुझ्याकडे."

"मग ठरवायचं कुणी?"

मागच्या पायरीवर नेओमी हसली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

दुसऱ्याची बंदूक भरणं वाटतं तितकं सोपं नाही. त्या दिवशी, दहा वाजून गेल्यावर, मी गेलनच्या बंदुकीत बार भरला, आणि माझ्या स्वतःच्या बंदुकीत कधी घेतली नव्हती इतकी काळजी घेतली. लोइस चार पावलांवर हाताची घडी घालून उभी. गज बाहेर काढला तेव्हा तिनं नुसती मान हलवली. मी रंजक घातली, झाकण मिटलं आणि बंदूक गेलनच्या हातात दिली.

त्यानं ती खांद्याला लावली आणि एकदम तो जुना माणूस झाला. मान, कोपर, पाय, सगळं जिथल्या तिथं. घोडा पडला, भपका झाला, बार उडाला, आणि धूर पांगल्यावरही तो तसाच उभा, नळी तसूभर न हलवता. कागदावर मधोमध भोक.

"बरं," लोइस म्हणाली. "पुढचा."

दोन वर्षं हे असं चाललं. मधल्या काळात गेलनला बरंच काही सुटत गेलं. वार, मग माणसांची नावं. इर्व्हिनला तो ग्रेडरवरचा एक जुना सोबती समजायला लागला, आणि इर्व्हिननं ते नाव मुकाट्यानं स्वीकारलं. त्या नावानं हाक मारली तरी ओ द्यायचा. शार्लीनला तो अजून सांगायचा, हात हलवू नकोस, आणि तिचे हात आता हलत नव्हते. मला मात्र ओळखायचा. निदान मी कोणीतरी बंदूक भरून देणारा आहे, एवढं त्याला पक्कं होतं.

तिसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरातला शनिवार. झाडं पिवळी झालेली, हवा कोरडी, रंजक छान पेटत होती. मी बार भरून बंदूक त्याच्या हातात दिली. त्यानं खांद्याला लावली, नेम धरला, आणि घोडा न पाडताच बंदूक खाली घेतली. नळी बांधाकडेच ठेवून.

"काय झालं?" मी विचारलं.

"कागद दिसतोय," तो म्हणाला. "त्याच्या मागे काय आहे?"

"बांध आहे, गेलन. तूच घातलेला."

तो बघत राहिला. मातीकडे, गवताकडे, वरच्या झाडांकडे. त्याच्या कपाळावर आठी होती, एखादा अनोळखी रस्ता बघताना असते तशी.

"असेल," तो म्हणाला. "पण मला माहीत नाही. मागे काय आहे ते माहीत नसताना बार काढू नये." आणि त्यानं बंदूक माझ्या हातात परत दिली, दस्ता माझ्याकडे, नळी पुढे, जशी द्यायची असते तशीच.

इर्व्हिन टोपी काढून डोकं खाजवत होता. लोइस पुढे आली, तिनं गेलनच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला बाकावर बसवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भरलेली आहे ती. तशी ठेवता येणार नाही. मोकळी कर."

मी त्याच्या बंदुकीनं कधी बार काढला नव्हता. ती माझ्या बंदुकीपेक्षा लांब, पुढून जड. मी नेम धरला, चाप ओढला, भपका डोळ्यांपुढे आला आणि धक्का बसला. धूर निवळेपर्यंत थांबलो.

गेलन कानांवर हात ठेवून बघत होता. हात खाली घेतले.

"लागली?"

"लागली."

"कुठं?"

"जरा डावीकडे."

"ओढतोस तू," तो म्हणाला. "चाप दाबायचा असतो, बाबा. ओढायचा नसतो."

लोइसनं झेंडा उतरवला. नेओमी सूप घेऊन आली, आणि गेलननं सगळ्यांच्या आधी वाटी पुढे केली.